अवकाशनौकेतील श्वासाचा जमाखर्च

हमरापुरात व्याख्यानाला उभे राहून अवकाशनौकेविषयी बोलू लागलो, तर ऐकणाऱ्यांना प्रथम नवल वाटणे साहजिक आहे. येथे गणपतीच्या कारखान्यांविषयी बोलावे, खारेपाटातील भाताविषयी बोलावे, फार तर महामार्गाविषयी तक्रार करावी. ताऱ्यांकडे निघालेल्या नौकेचे येथे काय काम, असे कोणी विचारले तर त्याला आम्ही दोष देणार नाही. परंतु हा विषय आम्ही आभाळातून आणलेला नाही. तो आमच्या ओटीवरून आला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही पुन्हा ह्याच गावच्या शाडूपाशी आणि बांधापाशी येऊन पोहोचलो. तो सगळा प्रवास श्रोत्यांपुढे मांडावा, एवढाच आजचा हेतू आहे.

गेल्या पावसाळ्यात आमचा पुतण्या आणि त्याचे मित्र संध्याकाळी सतरंजीवर बसून एक खेळ खेळू लागले. ह्यात पट नसला तरी चालते. एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी नौकेचा तांडेल, कोणी यंत्रज्ञ, कोणी वैद्य. सूत्रधार प्रसंग सांगतो. आपले पात्र काय करील ते प्रत्येकाने सांगायचे. आणि जेथे यशापयश अनिश्चित तेथे फासे टाकायचे. नाटक आणि सोंगट्या ह्यांचे हे मिश्रण १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन ह्यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ह्या नावाने प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी, १९७६ साली, जेम्स वॉर्ड ह्यांचा 'मेटामॉर्फोसिस अल्फा' आला. त्यातील सारे कथानक पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणाऱ्या एका प्रचंड नौकेत घडते. १९७७ साली 'ट्रॅव्हलर' निघाला. त्यात नौकेवरील माणसांना जगवण्याचा खर्च वापरातील प्रत्येक खोलीमागे दर फेरीला दोन हजार नाणी, असा ठोक धरलेला आहे. व्यापाराच्या खेळाला एवढे पुरते. परंतु ठोक रक्कम म्हणजे श्वास नव्हे, हे लौकरच दिसून आले.

झाले असे, की तिसऱ्या बैठकीत आमच्या पुतण्याने एकाएकी जाहीर केले, "हवा संपत आली. दोन तासांत सगळे मरणार." खेळाडूंपैकी एक जण कारखान्यात प्लास्टर ओतण्याचे काम करतो. तो म्हणाला, "सकाळी पुरेशी होती ना? आमच्याकडे कालचं पोतं आज संपलं, तर शेठ हिशेब विचारतात. तुझा हिशेब दाखव." हिशेब नव्हताच. खेळ मोडला, आणि दुसऱ्या दिवशी पुतण्या आमच्याकडे वही घेऊन आला. "काका, मला हवेचा जमाखर्च मांडून द्या."

प्रथम नौका ठरवली. खारेपाटातील तळ्यांतल्या माशावरून मुलांनी तिचे नाव 'जिताडा' ठेवले होते. माणसे सहा, प्रवास नव्वद दिवसांचा. आता वहीच्या डाव्या पानावर माणूस काय घेतो ते लिहू. एका माणसाला दिवसाला सरासरी ०.८४ किलो प्राणवायू लागतो, पाणी वगळून अन्न सुमारे ०.६२ किलो लागते, आणि पिण्याचे, रांधण्याचे व अन्नातले मिळून पाणी सुमारे साडेतीन किलो लागते. उजव्या पानावर तो काय टाकतो ते येते. दिवसाला सुमारे एक किलो कार्बन डायॉक्साइड, श्वासातून व घामातून सव्वादोन किलोच्या आसपास पाण्याची वाफ, दीड किलो मूत्र आणि थोडा मळ. शिवाय शंभर वॉटहून काहीशी अधिक उष्णता. म्हणजे प्रत्येक माणूस हा अखंड पेटलेला एक जुना विजेचा दिवा आहे.

दोन्ही पानांची बेरीज जवळजवळ सारखी येते. माणूस वस्तू संपवीत नाही, तिचे रूप पालटतो. पृथ्वीवर हे पालटलेले रूप पूर्ववत करण्याचे काम झाडे, ऊन, पाऊस आणि माती आपल्याला न विचारता करतात, म्हणून आपण डावे पानच पाहतो आणि उजवे विसरतो. नौकेत ते विसरता येत नाही. जीवनाधार व्यवस्था आखणे म्हणजे उजव्या पानावरील माल पुन्हा डाव्या पानावर आणण्याची तजवीज करणे. ह्याहून निराळे त्यात काही नाही.

सहा जणांचे नव्वद दिवस म्हणजे ५४० मनुष्यदिवस. काहीच परत मिळवायचे नाही असे धरले, तर प्राणवायू सुमारे ४५४ किलो, कोरडे अन्न ३३५ किलो आणि पाणी १,९०० किलो बरोबर न्यावे लागेल. अंघोळीचे पाणी ह्यात नाही. तीन महिन्यांच्या सफरीला हे ओझे कसेबसे वाहता येईल. पण ५४० किलो कार्बन डायॉक्साइडचे काय?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बंद जागेत माणूस प्राणवायू संपल्यामुळे मरतो, असे आपण मानतो. तसे क्वचितच होते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली पूर्ण बंद करून आत एक माणूस बसवला, तर दीड दिवसाच्या सुमारास हवेतील कार्बन डायॉक्साइड तीन टक्क्यांवर जाईल. डोके ठणकू लागेल, धाप लागेल, विचार सुचेनासा होईल. त्या वेळी प्राणवायू मात्र एकवीस टक्क्यांवरून साडेसतराच्या आसपास आलेला असेल; त्याने अजून प्राण गेला नसता. चार माणसे बसवली तर हीच वेळ नऊ तासांत येते. म्हणजे आधी मारते ती टंचाई नव्हे, साचलेली घाण मारते. सूत्रधाराने हे एक सूत्र जरी लक्षात ठेवले, तरी त्याचा प्रसंग खरा वाटू लागेल. कारण पात्रे एकदम कोसळणार नाहीत, आधी ती चिडतील, चुका करतील.

हा वायू हवेतून वेगळा काढण्याच्या दोन रीती आहेत. त्या समजावताना आम्हांला ग्रंथांपेक्षा आमच्या गावचा कारखाना अधिक उपयोगी पडला. प्लास्टर पाण्यात कालवले की थोड्याच वेळात आवळते. त्याने पाणी धरलेले असते, आणि ते सहजी सोडीत नाही. सुमारे दीडशे अंश सेल्सियसला भाजले तरच ते पाणी सुटते आणि पुन्हा प्लास्टर हाती येते. पण कारखान्यात ते कोणी करीत नाही. शाडूचे तसे नाही. वाळलेली कच्ची मूर्ती पाण्यात सोडली की तिची माती होते, आणि त्याच मातीची पुन्हा मूर्ती होते.

अपोलो नौकांत लिथियम हायड्रॉक्साइडच्या पेट्या होत्या. त्या कार्बन डायॉक्साइड शोषून घेतात आणि त्याच्याशी कायमच्या बांधल्या जातात. नौकेवरील साधनांनी त्यांना पूर्वरूप देता येत नाही. हे आपले आवळलेले प्लास्टर. एक किलो वायूला असे एक किलोहून थोडे अधिक द्रव्य लागते, म्हणजे 'जिताडा'ला निदान ५९० किलो. हल्लीच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात झिओलाइट नावाचे सच्छिद्र खनिज वापरतात. ते वायू धरते, आणि तापवून बाहेरच्या निर्वाताला उघडे केले की सोडून देते. एक पेटी धरीत असता दुसरी सोडीत असते. हा आपला शाडू. फरक एवढाच, की शाडूला पाणी पुरते. झिओलाइटला उष्णता, म्हणजे वीज, मोजावी लागते. फुकट परत येणारी वस्तू नौकेत एकही नाही.

प्लास्टरच्या रीतीने किती प्रसंग ओढवू शकतो, ते १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो १३ च्या प्रवाशांनी अनुभवले. मुख्य यानातील टाकी फुटल्यावर तिघे जण चांद्रयानात आश्रयाला आले. ते यान दोघांसाठी, सुमारे दोन दिवसांच्या हिशेबाने बांधलेले. काढायचे होते जवळजवळ चार दिवस. प्राणवायू पुरेसा होता, पण शोषक पेट्या पुरणाऱ्या नव्हत्या. मुख्य यानात जादा पेट्या होत्या, पण त्या चौकोनी, आणि चांद्रयानातील खोबणी गोल! शेवटी प्लास्टिकच्या पिशव्या, माहितीपुस्तिकांचे पुठ्ठे, पोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी ह्यांची जोडणी करून चौकोनाला गोलाशी जुळवले, आणि तिघे सुखरूप परतले. नौका आखणाऱ्याने ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्यात. सुटे भाग एकमेकांना बसणारे असावेत. आणि खेळ आखणाऱ्याने मुद्दाम एखादा न बसणारा ठेवावा.

आता पाणी. स्थानकातील घाम, श्वासाची वाफ आणि मूत्र शुद्ध करून ९८ टक्के पाणी परत मिळवल्याचे २०२३ साली जाहीर झाले. ऐकताना कोणाला किळस वाटेल, परंतु नदीचे पाणी तरी ह्याहून निराळ्या वाटेने आपल्याकडे येते काय? मात्र राहिलेले दोन टक्के विसरू नयेत. नव्वद दिवसांत 'जिताडा'वर ही तूट जेमतेम ३८ किलो, म्हणजे दोन हंडे. तीच सहा माणसांची सोय शंभर वर्षे चालवायची म्हटली तर तूट साडेपंधरा टनांची होते. लहान प्रवासात ओझे मारते, लांबच्या प्रवासात गळती मारते. म्हणून पिढ्यांच्या नौकेची कथा रचताना इंजिनापेक्षा गळतीकडे अधिक पाहिले पाहिजे.

मग झाडेच का नेऊ नयेत? हा प्रश्न मुलांनी विचारला, आणि तो रास्त आहे. रशियातील क्रास्नोयार्स्क येथे १९७२ साली 'बायोस-३' हे ३१५ घनमीटरांचे बंदिस्त घर तयार झाले. त्यात तिघा जणांनी सलग १८० दिवस काढले. हवा व पाणी जवळजवळ पूर्णपणे आतच फिरत राहिले, आणि गहू व भाजीपाला आत पिकवला. तरी अन्नाचा काही भाग बाहेरूनच न्यावा लागला. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये 'बायोस्फिअर २' ह्या सव्वातीन एकरांहून किंचित लहान अशा काचघरात १९९१ च्या सप्टेंबरात आठ जण दोन वर्षांसाठी गेले. सोळा महिन्यांत आतील प्राणवायू २०.९ वरून साडेचौदा टक्क्यांवर उतरला आणि १९९३ च्या जानेवारीत बाहेरून भरावा लागला. चोर कोण, ह्याचा तपास केला तेव्हा कळले की खतावलेल्या सुपीक मातीतील सूक्ष्म जीव प्राणवायू खात होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायॉक्साइड झाडांना मिळण्याआधी काँक्रीटच्या भिंती गिळून टाकीत होत्या. आठ माणसांची मोजणी झाली होती. मातीतल्या कोट्यवधी खाणाऱ्यांची आणि भिंतींची झाली नव्हती. पंगतीला कोण कोण बसले आहे हे आधी नीट मोजावे, हा त्यातील धडा.

आपल्याकडचे नवे उदाहरणही सांगण्यासारखे आहे. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात राहून आले, तेव्हा त्यांनी तेथे मेथी आणि मूग रुजवले, आणि खाण्याजोग्या सूक्ष्म शेवाळांवरही प्रयोग केले. एका माणसाचे सगळे अन्न दिव्यांखाली पिकवायचे तर चाळीस-पन्नास चौरस मीटर लागवड लागेल असा साधारण अंदाज आहे. एवढी जागा 'जिताडा'वर नाही. म्हणून आम्ही नौकेत मेथीचे दोन वाफे ठेवले. ते फुफ्फुसासाठी कमी आणि मनासाठी अधिक.

हवेची, पाण्याची व अन्नाची बेरीज झाल्यावर राहते ती उष्णता आणि हालचाल. बाहेर निर्वात असल्याने नौका गार पडेल असे वाटते. उलट ती तापते, कारण उष्णता वाहून न्यायला बाहेर हवाच नाही. ती मोठ्या पंख्यांसारख्या पत्र्यांतून किरणरूपाने फेकावी लागते. आणि वजन नाहीसे झाले की गरम हवा वर जात नाही. झोपलेल्या माणसाने सोडलेला श्वास त्याच्या तोंडाभोवतीच रेंगाळतो. म्हणून पंखा अखंड चालू हवा. सूत्रधाराने कथेत शांतता पसरवायची असेल तर पंखा बंद पाडावा. त्या शांततेचा अर्थ खेळाडूंना आपोआप कळेल.

आता बिघाडांविषयी. नवशिका सूत्रधार उल्का आणतो, स्फोट आणतो. खारेपाटातील शेतकऱ्याला विचारा, बांध कशाने जातो? उधाणाने जातो हे खरे, पण उधाणाला वाट बहुधा खेकड्याच्या बिळाने करून दिलेली असते. बीळ दिसले त्या दिवशी चिखलाचा गोळा घातला तर काम मिनिटाचे. नाही घातला तर खारे पाणी शेतात शिरते, आणि ते मीठ धुऊन निघायला काही पावसाळे जातात. म्हणून आम्ही पुतण्याला सांगितले, की फाशांवर उल्का ठेवू नकोस, बिळे ठेव. सैल झालेली चकती, बुरसटलेली गाळणी, खोटा आकडा दाखवणारा मापक. आणि दुरुस्तीची पाळी कोणाची हे आधी लिहून घे. बांध सामाईक असतो तेव्हा तो सगळ्यांचा असतो, आणि पुष्कळदा म्हणूनच कोणाचाही नसतो.

वही पुरी झाली आणि खेळ पुन्हा बसला. प्रवासाचे नऊ दिवस उरले असता फाशाने झिओलाइट तापवणारी तार जाळली. दोन्ही पेट्यांना आम्ही एकच तार धरली होती. तो दोष आमचाच. राखीव लिथियमच्या पेट्या सहा जणांना पाच दिवस पुरतील एवढ्या, म्हणजे तीस मनुष्यदिवस. एक मुलगा बाणेदारपणे म्हणाला, "मी बाहेर जातो. तुम्ही जगा." पुतण्याने वही पुढे केली. पाच जणांना तीस मनुष्यदिवस म्हणजे सहाच दिवस. नऊ दिवस काढायचे तर तिघांनाच जगता येते. तिघांनी मेले पाहिजे. ओटीवर कोणी बोलेना. नाटकात एकाचा त्याग पुरतो. हिशेबात पुरला नाही.

मग तो प्लास्टरवाला मुलगा म्हणाला, "वापरलेलं भाजून परत येत नाही का?" पुतण्याने पाहिले. लिथियम येत नाही, झिओलाइट येते. "मग तार कशाला पाहिजे? दगड काढू आणि स्वयंपाकाच्या भट्टीत भाजू." त्यावर वैद्य झालेला मुलगा ओरडला, "अरे, भाजताना निघालेला वायू जाईल कुठे? घरातच!" पुन्हा विचार सुरू झाला. शेवटी भट्टी उचलून बाहेर जाण्याच्या दुहेरी दाराच्या खोलीत न्यायची, आतले दार लावायचे, बाहेरची झडप उघडायची, असे ठरले. एक जण हसून म्हणाला, "ही तर आपली उघाडी!" आणि खरेच होते. भरतीला मिटून ओहोटीला उघडणारी बांधाची झापच ती. दर खेपेला त्या खोलीतली थोडी हवा बाहेर जाणार होती. तीही मुलांनी वहीत खर्ची टाकली. नवव्या दिवशी 'जिताडा' बंदरात लागली, सहा माणसांनिशी.

हा सगळा खेळच होता, हे आम्ही जाणतो. कोणाचाही श्वास खरोखर कोंडला नव्हता. परंतु त्या रात्री सहा तरुणांनी आधी मरण्याचा सोपा मार्ग शोधला, आणि आकडे खरे असल्यामुळे त्यांना तो सोडून जगण्याचा अवघड मार्ग शोधावा लागला. सूत्रधाराने हवा मनाला येईल तशी संपवली असती, तर ती त्याने मनाला येईल तशी परतही आणली असती. मग त्यागालाही अर्थ उरला नसता आणि युक्तीलाही. हिशेब कल्पनेचा वैरी आहे असे आपल्याला शाळेपासून वाटत आलेले असते. आमच्या ओटीवर तरी तो तिचा सोबती ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या आखणीच्या कामाला कारखान्यात गेला. संध्याकाळी परतल्यावर त्याने विचारले, "काका, आपल्या गावाचं उजवं पान कोण लिहितं?" ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्या वहीत नव्हते. ते ह्या सभेतील आपण सर्वांनी मिळून लिहायचे आहे.